वाचकांचे प्रश्न : महागड्या शहरातून बिऱ्हाड हलवताना

मोठे शहर परवडत नाही, पण ते सोडून कुठे जावे हेही उमगत नाही, अशा आशयाची बरीच पत्रे साठली आहेत. त्यामुळे या अंकातील सदर केवळ याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त करून छापली असून लेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. आठ आणि पाच वर्षांची दोन मुले आहेत. उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग घरभाड्यात जातो. शहरापासून दीड तासावर असलेल्या एका गावात एवढेच घर बऱ्याच कमी भाड्यात मिळते. माझ्या पत्नीला घरून काम करण्याची मुभा आहे. मला मात्र आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यावेच लागेल. हा बदल फायद्याचा ठरेल का?

उत्तर : आपण भाड्यांची तुलना केली आहे, परंतु निर्णयासाठी दोन्ही ठिकाणच्या संपूर्ण महिन्याची तुलना करावी लागेल. घरभाडे एका आकड्यात सांगता येते म्हणून ते डोळ्यांत भरते. प्रवासाचा खर्च मात्र इंधन, पास, वाहनाचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती असा पाच ठिकाणी विखुरलेला असल्यामुळे त्याची बेरीज सहसा कोणी करत नाही. शिकागो येथील सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था एखादी वस्ती परवडणारी आहे की नाही हे ठरवताना घर आणि प्रवास हे दोन्ही खर्च एकत्र धरते आणि त्यांची बेरीज उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावी, असा निकष लावते. या निकषाने पाहिले, तर स्वस्त वाटणाऱ्या कित्येक वस्त्या महाग ठरतात, कारण तिथे राहणाऱ्या कुटुंबाला एकाऐवजी दोन वाहने बाळगावी लागतात. आपण गेल्यावर पत्नीला मुलांना शाळेत सोडण्यासाठी स्वतंत्र वाहन लागेल का, हा प्रश्न म्हणूनच भाड्यातील फरकाइतका महत्त्वाचा आहे.

वेळेचा हिशेब त्याहून कडक आहे. एका बाजूने दीड तास धरला, तर तीन दिवसांचे नऊ तास होतात, म्हणजे कामाचा जवळपास एक जादा दिवस. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या दीर्घकालीन माहितीवरून असे दाखवले, की ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा असतो त्यांचे जीवनातील समाधान कमी असते. वास्तविक लांबच्या प्रवासाची भरपाई अधिक पगाराने किंवा चांगल्या घराने व्हायला हवी, पण तशी ती पुरेशी होत नसल्याचे त्यांना आढळले. माणसे प्रशस्त घराची किंमत अचूक करतात आणि रोजच्या थकव्याची मात्र फार कमी, असे मला यावरून वाटते. शिवाय आपल्या बाबतीत त्या तीन दिवशी मूल आजारी पडले, शाळा लवकर सुटली किंवा वीज गेली, तर सगळा भार एकाच व्यक्तीवर पडेल. ती व्यक्ती घरी असली तरी कामावरच असते, याचा विसर कुटुंबालाही पडतो आणि कधीकधी तिच्या वरिष्ठांनाही.

माझे स्पष्ट मत असे, की महागड्या शहरापासून ना जवळ ना दूर असलेले ठिकाण पुष्कळदा दोन्हीकडून तोट्याचे ठरते. शहराच्या ओढीमुळे तिथली भाडी हळूहळू चढत राहतात आणि प्रवास मात्र कमी होत नाही. एक तर पाऊण तासाच्या आत राहून घराचा आकार कमी करावा, नाहीतर दोघांच्याही उपजीविकेची सोय लावून खरोखरच दूर जावे. दूर जाताना घरून काम करण्याची परवानगी लेखी घ्यावी, ती काढून घेतली जाऊ शकते का हे विचारावे आणि राहण्याचे ठिकाण बदलल्यावर पगारात कपात होते का, तेही आधीच स्पष्ट करून घ्यावे. लहान गावात आपल्या क्षेत्रातील नोकरी देणारे एक-दोघेच असतील, तर हातची नोकरी गेल्यावर पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागेल. मोठ्या शहरात आपण जे जास्तीचे भाडे भरतो, त्यातला काही भाग या दुसऱ्या संधीच्या शक्यतेसाठी असतो.

प्रश्न : मुलांच्या दृष्टीने चांगले ठिकाण म्हणजे चांगल्या शाळेचे ठिकाण, असे सगळेच सांगतात. आम्ही निवडलेल्या तिन्ही ठिकाणच्या शाळांचे निकाल सारखेच आहेत. आता पुढे कशावरून ठरवावे?

उत्तर : आधी निकालांबद्दल थोडेसे. शाळेचा निकाल जेवढा शिकवण्याचा, तेवढाच मुले कोणत्या घरांतून येतात याचाही असतो, त्यामुळे त्यावरून शाळेची पारख अर्धीच होते. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाला सामावून घेण्याची पद्धत काय आणि अभ्यासक्रम बदलल्याने राहून गेलेला भाग कोण भरून काढतो, हे प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर देताना ते किती चाचरतात, तेवढ्यावरूनही बरेच कळेल.

त्यानंतर शाळा बाजूला ठेवून घरासमोरचा रस्ता पाहा. डोनाल्ड अ‍ॅप्लयार्ड या नगररचनाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. घरांची धाटणी बरीचशी सारखी होती, पण एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,००० वाहने जात. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर सर्वाधिक वाहतुकीच्या रस्त्यावर एकही धड नव्हता; सरासरी ०.९ भरली. रहिवाशांना ‘आपली जागा कोणती’ हे नकाशावर दाखवायला सांगितले, तेव्हा शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला, तर वर्दळीच्या रस्त्यावरच्यांची जागा घराच्या आतच संपली. मुलांच्या बाबतीत याचा अर्थ उघड आहे. ज्या रस्त्यावर मोठी माणसे थांबत नाहीत, तिथे मुलांना खेळायला कोणी सोडत नाही.

म्हणून तिन्ही ठिकाणी एक साधी परीक्षा घ्या. आठ-दहा वर्षांचे मूल शाळा, मैदान, वाचनालय आणि मित्राचे घर यांपैकी किती ठिकाणी एकटे, चालत किंवा सायकलने जाऊ शकेल, ते मोजा. संख्या शून्य असेल, तर पुढील सात-आठ वर्षे आई-वडिलांपैकी एक जण चालकाचे काम करणार, हे गृहीत धरा. वाहनांचा वेग हीही पाहण्यासारखी गोष्ट आहे. रस्तासुरक्षेवरील जागतिक परिषदेने २०२० साली स्टॉकहोम येथे जे घोषणापत्र स्वीकारले, त्यात पादचारी आणि वाहने जिथे नियमितपणे एकमेकांत मिसळतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे सुचवले आहे. फलकावर काय लिहिले आहे ते पाहू नका. शाळा सुटण्याच्या वेळी कोपऱ्यावर अर्धा तास उभे राहा.

शेवटी, तिथल्या मुलांशी बोला. युनेस्कोच्या पाठिंब्याने १९७० च्या दशकात नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको आणि पोलंड या चार देशांतील किशोरवयीन मुलांना त्यांच्या परिसराविषयी विचारले होते. मेलबर्नच्या उपनगरातील मुलांना तुलनेने अधिक सोयी होत्या, तरी ती कंटाळलेली आढळली. अर्जेंटिनातील साल्टा शहराच्या एका साध्या वस्तीतील मुलांना मात्र आपल्या वस्तीचा जिव्हाळा वाटत होता. ‘शाळा सुटल्यावर तू काय करतोस?’ या प्रश्नाला तेथील मुलांकडून येणारे उत्तर घरमालकाच्या किंवा दलालाच्या वर्णनापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

प्रश्न : आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा. मुलगा उत्साहात आहे, पण मुलगी जायचे नाव काढले तरी रडते. सासूबाई म्हणतात, की पोरे कुठेही रुळतात. आम्ही तिचे किती ऐकावे?

उत्तर : बरेच ऐकावे. सासूबाईंचे म्हणणे आपल्या मुलाच्या बाबतीत खरे ठरण्याचा संभव आहे, पण मुलीच्या बाबतीत तेवढी खात्री देता येत नाही. अमेरिकेत १९९४ साली पाच शहरांत एक मोठा प्रयोग सुरू झाला, ज्यात अतिशय गरीब वस्त्यांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांपैकी काहींना सोडतीने निवडून, गरिबीचे प्रमाण कमी असलेल्या वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याचे साहाय्य दिले गेले. राज चेट्टी, नॅथानिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या कुटुंबांतील मुलांची मिळकत तपासली. वयाच्या तेराव्या वर्षाआधी ज्यांनी घर बदलले, त्यांची विशीच्या मध्यातील कमाई इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होती. त्याहून मोठ्या मुलांना मात्र लाभ झाला नाही, उलट थोडे नुकसानच झाल्याची चिन्हे दिसली. चांगल्या ठिकाणी काढलेली वर्षे मोजली जातात, आणि मोठ्या मुलांच्या वाट्याला ती थोडीच उरतात. जुनी मैत्री आणि शाळा तुटल्याचा फटका मात्र पूर्ण बसतो. तो प्रयोग गरीब वस्तीतून बाहेर पडणाऱ्यांचा होता आणि आपण केवळ महाग शहर सोडत आहात, त्यामुळे त्यातील टक्केवारी आपल्याला लागू करू नये. वयाचा मुद्दा मात्र लागू पडतो.

तिच्या शालेय शिक्षणाचा एखादा टप्पा पूर्ण होईपर्यंत थांबता आले, तर तेच करावे. आर्थिक ओढ फार असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर निर्णय तिच्यापासून लपवून अखेरच्या क्षणी सांगू नये. जायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला देता येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. पण दोन घरांपैकी कोणते, कोणती शाळा, जुन्या मैत्रिणींकडे किती वेळा यायचे, या गोष्टी तिच्या हाती खरोखरच सोपवता येतील. वरवर तिचे मत विचारून आधीच ठरलेले सांगितले, तर या वयाच्या मुलांना ते लगेच कळते.

प्रश्न : डोंगराच्या कुशीतल्या एका शांत गावी आम्ही दरवर्षी सुट्टीला जातो. तिथेच कायमचे राहावे असे आता सर्वांनाच वाटू लागले आहे. यात काही धोका आहे का?

उत्तर : दुरून डोंगर साजरे, एवढे म्हणून आपली बोळवण करणार नाही, कारण या मोहाचा अभ्यासही झालेला आहे. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आणि हवामानासाठी नावाजलेल्या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना विचारले, की ते किती समाधानी आहेत आणि दुसऱ्या प्रदेशातील त्यांच्यासारखा विद्यार्थी किती समाधानी असेल. कॅलिफोर्नियातले अधिक समाधानी असतील असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एकूण समाधानात फरक आढळला नाही. एखाद्या ठिकाणाचा विचार करताना जे ठळक दिसते त्याला मन अवास्तव वजन देते, आणि राहायला गेल्यावर आठवडा पुन्हा काम, शाळा, बाजारहाट आणि दुरुस्तीच्या कामांनीच भरतो.

आपण ते गाव केवळ सुट्टीत पाहिले आहे. आता सर्वांत गैरसोयीच्या ऋतूत, सुट्टी न घेता, रोजचे काम सुरू ठेवून पंधरा दिवस तिथे राहा. इंटरनेट किती वेळा बंद पडते, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी असतात, पर्यटकांच्या हंगामात भाडी व गर्दी किती वाढते, हे तेव्हा कळेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती म्हणजे ओळखींची. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार साधी मैत्री जुळायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. मुलांना हे तास शाळेत आपोआप मिळतात. घरून काम करणाऱ्या प्रौढांना ते मिळण्याची सोय आपली आपण करावी लागते, आणि बहुतेक कुटुंबे ती करत नाहीत. नवीन जागी पहिल्या वर्षी येणारा एकटेपणा पुष्कळ वेळा गावाच्या माथी मारला जातो.

प्रश्न : सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आहेत. त्यांच्यासाठी कोणती खबरदारी घ्यावी?

उत्तर : रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, रात्री दोन वाजता तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात आणि त्या वेळी तज्ज्ञ हजर असतो का, ते विचारा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचे स्कॅनिंग करावे लागते. त्यामुळे स्कॅनिंगची सोय नसलेले जवळचे रुग्णालय अशा वेळी पुरेसे नाही. वडील चालत कुठे जाऊ शकतील, हेही पाहा. ज्यांना वाहन चालवता येत नाही, त्यांना सपाट पदपथ, मध्ये बसायला जागा आणि बोलायला दोन माणसे नसतील, तर मोठ्या घरातही ते एका खोलीत अडकतात. आणि पहिले वर्ष भाड्यानेच राहा. जागा त्यांना मानवली नाही, तर घर विकण्याच्या खटपटीत न अडकता परत फिरता येईल.