खलनायिकेला दुःखी बालपण द्यायलाच हवं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: पहिलीच दैनंदिन मालिका लिहिताय. कथेतली थोरली जाऊ, विधवा झालेल्या धाकटीच्या वाट्याची जमीन गोड बोलून स्वतःच्या घशात घालते. आराखडा वाचून वाहिनीकडून निरोप आलाय की हिला एखादा दुःखी भूतकाळ द्या, नाहीतर ती नुसतीच वाईट वाटते. तुम्हाला ते पटत नाही, पण बैठकीत काय बोलायचं ते सुचत नाहीये. मी बारा वर्षं मालिकांसाठी लिहिलंय, आधी संवाद आणि नंतर पटकथा. नेमक्या याच प्रश्नावर माझी एकदा मोठी चूक झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तीन गोष्टी सुट्या करून घ्या, कारण बैठकीत त्या एकाच दमात बोलल्या जातात. तिला काय हवंय, हा तिचा हेतू. ती अशी का झाली, हा तिचा भूतकाळ. आणि हे सगळं बघून आपल्या पोटात काहीतरी हलतं, ती कणव. हेतूशिवाय मालिका एक आठवडाही पुढे सरकत नाही. भूतकाळाशिवाय मात्र वर्षानुवर्षं चालू शकते. कणव प्रेक्षकाची असते. 'इथे कणव वाटावी' असं ठरवून प्रसंग लिहिला की बहुतेक वेळा फक्त पार्श्वसंगीत वाढतं.

मंथरेचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' लागलं तेव्हा ललिता पवारांनी ती केली होती. आमच्या वाड्यातल्या बायका ती पडद्यावर आली की बोटं मोडायच्या. पण वाल्मीकींच्या अयोध्याकांडात तिच्याविषयी किती माहिती मिळते? कैकेयीच्या माहेरची दासी आणि पाठीला कुबड, जवळजवळ एवढीच. प्रसंग मात्र बघा. ती वाड्याच्या गच्चीवर जाते, सजलेली अयोध्या बघते, रामाला यौवराज्याभिषेक होणार असल्याचं तिला कळतं, आणि ती तडक कैकेयीच्या महालात येते. कैकेयीला तर आनंद होतो, ती बातमीचं बक्षीस म्हणून दागिना देते. मंथरा तो फेकून देते आणि बोलायला लागते. कौसल्या राजमाता होईल आणि तू दासीसारखी हात जोडून उभी राहशील. भरत तर इथे नाहीसुद्धा. नवऱ्याच्या लाडकेपणाच्या तोऱ्यात तू सवतीला तुच्छ लेखलंस, ती आता उट्टं काढल्याशिवाय राहील का? प्रत्येक वाक्य खोचक आहे, आणि प्रत्येक वाक्यात थोडंसं खरं आहे. तिचं बालपण कळायची गरजच पडत नाही, कारण उद्याच्या सकाळची तिची भीती आपल्याला स्वच्छ दिसते. मालकीण खाली गेली तर दासीही जाणार.

पुढच्या काळात लोकांनी तिला भूतकाळ दिलाच. महाभारतातल्या रामोपाख्यानात ती दुंदुभी नावाची गंधर्वी आहे, देवकार्यासाठी मुद्दाम धाडलेली. कंबनाच्या तमिळ रामायणात लहानग्या रामाने तिच्या कुबडावर धनुष्याने मातीचे गोळे मारल्याची तिला आठवण होते. कंबनाची ओळ मला फार आवडते, कारण ती एकच आहे. सल दाखवला आणि गोष्ट पुढे गेली. तीन भागांचा फ्लॅशबॅक नाही.

त्याच प्रसंगात भूतकाळाचा आणखी एक वापर आहे, आणि आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो शिकावा असं मला मनापासून वाटतं. देव-असुरांच्या युद्धात कैकेयीने दशरथाचा जीव वाचवला होता, आणि त्याने दिलेले दोन वर तिने तसेच ठेवून दिले होते. मंथरा तिला त्यांची आठवण करून देते. हा भूतकाळ कैकेयीची कीव यावी म्हणून आलेलाच नाही. तो तिच्या हातातलं हत्यार आहे. पूर्वी घडलेल्या चांगल्या गोष्टीतून आजची वाईट गोष्ट शक्य होते. असा भूतकाळ कथेला पुढे ढकलतो. रडका भूतकाळ कथेला थांबवतो.

शकुनीचंही तसंच. गांधारराजा सुबल आणि त्याच्या मुलांना कैदेत उपाशी ठेवलं, बापाच्या हाडांचे फासे झाले, ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही, ती लोकांनी जोडली. म्हणजे खलपुरुषाला कारण लावण्याची ओढ आजच्या वाहिन्यांनी आणलेली नाही, ती आपल्यात जुनीच आहे. आणि ती ओढ वाईट आहे असंही मी म्हणत नाही. फक्त याच परंपरेत दुर्योधनाच्या तोंडी घातलेला एक श्लोक आहे, तोही ध्यानात ठेवा: 'जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, जानाम्यधर्मं न च मे निवृत्तिः.' धर्म कळतो पण तिकडे पाऊल वळत नाही, अधर्म कळतो पण त्यातून पाऊल निघत नाही. यात कुणी छळलेलं नाही, कुणी उपाशी ठेवलेलं नाही. तरी ऐकताना अंगावर काटा येतो, कारण असा क्षण आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेला असतो.

आता माझी चूक. एका कौटुंबिक मालिकेत माझ्याकडे एक काकू होती. सुनेला छळणारी, हिशेबी, घरातल्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी. दोनशे चाळिसाव्या भागाच्या आसपास प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले आणि वरून सूचना आली की काकूला हळवी बाजू द्या. मी चार भागांचा फ्लॅशबॅक लिहिला. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढलेली, उरलंसुरलं खाणारी पोर. अभिनेत्रीने जीव ओतून काम केलं. गुरुवारी आकडे आले, ते वाढले होते. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला.

पुढच्या आठवड्यात काकू पुन्हा सुनेच्या ताटातलं काढून घेत होती. तेव्हा वाहिनीच्या पानावर प्रेक्षकांनी लिहायला सुरुवात केली की या सुनेला काकूंचं दुःख समजत नाही का, जरा सहन केलं तर काय बिघडलं. ते वाचून मी हादरले. जिच्यावर अन्याय होत होता तिलाच आम्ही अडसर करून ठेवलं होतं. आणि लेखक म्हणून माझी दुसरी पंचाईत झाली. आता काकूची प्रत्येक खेळी त्या उपासमारीशी जोडावी लागायची. तिला एखादी गोष्ट नुसती हवी असणं, हव्यासापोटी हवी असणं, बंद झालं. दोन महिन्यांनी तिला सुधारावं लागलं, कारण दुसरी वाटच उरली नव्हती. आणि काकू सुधारल्यावर मालिकेत घडायला काही राहिलं नाही. आठवड्याला सहा भाग लिहिणाऱ्याला हे लगेच कळेल: आपल्याकडे नायिका सहन करते किंवा उत्तर देते, पहिली चाल खलनायिकेची असते. तिचा हेतू संपला की रोजचा भाग संपला.

सुनेच्या वाट्याला आलं ते परदेशातही घडलंय. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेत कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक कुटुंबासाठी पैसे ठेवायचे म्हणून अमली पदार्थ बनवायला लागतो. प्रेक्षक त्याच्याशी इतके बांधले गेले की त्याला अडवणाऱ्या त्याच्या बायकोचा, स्कायलरचा, द्वेष करायला लागले. ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून हा द्वेष आपल्यापर्यंत कसा पोचला ते मांडलं. शेवटच्या भागात तो शिक्षक बायकोपाशी कबूल करतो की हे सगळं त्याने स्वतःसाठी केलं, त्याला ते आवडत होतं. पाच पर्वं ज्या कारणाने आपण त्याला माफ करत आलो, ते कारण तो स्वतःच काढून घेतो. लेखकांनी ते शेवटपर्यंत राखून ठेवलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

त्याच मालिकेत गस फ्रिंग आहे, कोंबडीच्या हॉटेलांचा शांत मालक आणि आतून टोळीप्रमुख. चौथ्या पर्वात एका प्रसंगात कळतं की त्याच्या जिवलग भागीदाराला पोहण्याच्या तलावाकाठी त्याच्या डोळ्यांदेखत मारलं होतं. त्याआधी चिलीत तो कोण होता हे मात्र शेवटपर्यंत उघड होत नाही. जेवढं दाखवलं त्यातून त्याचा सूड कळतो, जेवढं झाकलं त्यातून त्याची भीती वाटत राहते.

आपल्याकडे बघा. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली तेव्हा अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून गोष्ट सुरू झाली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात काळ मागे नेला आणि माधव अभ्यंकरांचे जिवंत अण्णा उभे राहिले. म्हणजे अख्खं पर्वच भूतकाळाचं. पण तो भूतकाळ अण्णांची वकिली करत नाही. कोकणातला तो वाडा, अण्णांचं शेवंतेशी असलेलं लफडं, जमिनी, त्यांच्या बायकोचं, माईंचं, गप्प राहणं, हे सगळं बघताना माणूस कुठल्या पायऱ्यांनी खाली गेला ते दिसतं. कीव करा असं कुणी सांगत नाही. तरी घरोघरी अण्णांचं नाव झालं ते अभ्यंकरांच्या नजरेमुळे, आणि अण्णांना प्रत्येक क्षणी काय हवंय ते ठळक असल्यामुळे.

'तुला पाहते रे'मध्ये तर भूतकाळाची किल्ली उलटी फिरवली होती. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे आधी सगळ्यांना आवडू दिला, आणि मग मागे जाऊन दाखवलं की हा गजेंद्र पाटील, आणि पहिल्या बायकोच्या, राजनंदिनीच्या, मृत्यूला हाच कारण. तिथे फ्लॅशबॅक म्हणजे आरोपपत्र होतं. नंतर पुनर्जन्माच्या कथेत ती मालिका मला सैल वाटली, पण ते वळण धाडसाचं होतं.

आणि 'देवमाणूस'. वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या हत्यासत्रावर बेतलेली म्हणून ती ओळखली गेली. पहिलं पर्व बघताना किरण गायकवाडच्या अजितकुमारचं बालपण कळावं असं मला एकदाही वाटलं नाही. माझं लक्ष होतं गावाकडे. इतकी माणसं नाहीशी होतात आणि गाव त्या बोगस डॉक्टरच्या पाया पडतं, ते कसं? सरू आजी सोडली तर कुणाला शंका कशी येत नाही? जिथे खऱ्या घटनेचा संदर्भ असतो तिथे मी आणखी एक गोष्ट मानते: गेलेल्यांची घरची माणसं आजही कुठेतरी टीव्हीसमोर बसलेली असतात. त्यांच्यासमोर मारेकऱ्याच्या बालपणीच्या दुःखावर हळवं संगीत वाजवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

'आई कुठे काय करते'मधल्या, बायकोला गृहीत धरून दुसरीत गुंतलेल्या अनिरुद्धबद्दल एवढंच सांगते की त्याला समजायला भूतकाळ लागला नाही, कारण तसा नवरा प्रेक्षकांपैकी अनेकींनी जवळून बघितला होता.

मग तुमच्या थोरल्या जावेचं काय करायचं? माझा सल्ला असा की भूतकाळ द्या, पण कैकेयीच्या वरांसारखा द्या. आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणींकडून भाऊ हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, तरीही घेतात. साडीचोळी करतात, आहेर करतात, आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करून मोकळी होते. तुमच्या थोरलीनेही अशीच सही केलेली असू द्या. तिला त्या कागदाची भाषा पाठ आहे. तो किती गोड बोलून पुढे सरकवतात ते तिने बघितलंय, आणि सहीनंतर भावाच्या दारात आपली किंमत किती उरते तेही. हे सगळं फ्लॅशबॅकमध्ये दाखवू नका. तिच्या माहेरचा उल्लेख कुणीतरी जेवताना करू दे आणि तिने ताट घेऊन उठू दे, तेवढं पुरे.

मग धाकटीसमोर तोच कागद ठेवायची वेळ येईल. दुपारची वेळ, घरात पुरुष कुणी नाही, चहा केलेला. धाकटीला वाचता येतं, पण ती वाचत नाही, कारण समोर थोरली बसली आहे. ती नुसतं विचारते, "ताई, कुठे करू सही?" इथे थोरलीला थांबू द्या. कॅमेरा तिच्यावर राहू दे, संगीत नको. तिला आठवतंय हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि ती हा कागद आत्ता मागे घेऊ शकते हेही कळलं पाहिजे. मग तिने बोट ठेवून जागा दाखवावी.

बैठकीत आराखड्यावर वाद घालत बसू नका. हा एक प्रसंग संवादांसकट लिहून न्या आणि मोठ्याने वाचून दाखवा.