जे यान कधी बांधलंच गेलं नाही, त्याचे नकाशे लोक का जमवतात?

तुम्ही लिहिलंय की ओळखीतल्या एकांच्या कपाटात तुम्ही 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या 'एंटरप्राइझ' अंतराळयानाच्या डेक-प्लॅनचे, म्हणजे मजल्यांच्या नकाशांचे, गठ्ठे पाहिले. चाहत्यांनी स्वतः काढून छापलेली टेक्निकल मॅन्युअल्सही होती, आणि ती ते जिवापाड जपतात. जे यान नाहीच, त्याच्या आराखड्यांचा उपयोग काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी विसेक वर्षं हेच जमवतो आहे, म्हणून उत्तर देतो.

आधी एक वाद सांगतो, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळेल.

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेत (१९६६ ते १९६९) ब्रिजवर, म्हणजे यान चालवण्याच्या दालनात, लिफ्टचं दार कॅप्टनच्या खुर्चीच्या अगदी पाठीमागे नाही. ते मागे आहे, पण डावीकडे सरकलेलं. आता यानाचं मॉडेल बघा. ब्रिजच्या घुमटामागे, बरोबर मध्यरेषेवर, एक उभं नळकांडं चिकटलेलं दिसतं. ते लिफ्टचं मानलं तर सेट आणि मॉडेल जुळत नाहीत. नुसतं बघणाऱ्याला याचा काहीच त्रास होत नाही. कागदावर काढायला बसलेल्या माणसाची पेन्सिल मात्र इथे अडते. दार एका जागी आणि नळकांडं दुसऱ्या जागी, हे नकाशात चालत नाही.

यानाचे पहिले गाजलेले नकाशे काढणाऱ्या फ्रांझ जोसेफ यांनी यावर तोडगा काढला तो सरळ भूमितीचा: अख्खा ब्रिजच ३६ अंश डावीकडे फिरवला. म्हणजे दार नळकांड्यासमोर आलं, पण कॅप्टन आता यानाच्या नाकाच्या दिशेने बसत नाही, तिरका बसतो. कित्येकांना हे आजही सहन होत नाही. त्यांच्यापैकी कुणी म्हणतं, ते नळकांडं लिफ्टचं नाहीच, दुसरंच काही उपकरण आहे. कुणी लिफ्टच शेवटच्या टप्प्यात आडवी सरकवतं. पन्नास वर्षं झाली तरी वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर जोसेफ बरोबर होते. त्यांनी जे डोळ्यांना दिसतं त्यातलं काहीही नाकारलं नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या आणि त्यातून निघणारा गैरसोयीचा निष्कर्ष मान्य केला.

हे जोसेफ म्हणजे फ्रांझ जोसेफ श्नाउबेल्ट. सॅन डिएगोच्या कॉन्व्हेर या विमान कंपनीत त्यांची हयात आराखडे काढण्यात गेली होती. मुलगी आणि तिची मित्रमंडळी या मालिकेच्या नादी लागलेली. त्यांच्यामुळे १९७३ मध्ये जोसेफ यांनी मालिकेतली उपकरणं आणि मग यान रीतसर कागदावर उतरवायला घेतलं. १९७५ मध्ये बॅलंटाइन प्रकाशनाने त्यांच्या ब्लूप्रिंटचा १२ तक्त्यांचा संच काढला आणि त्याच वर्षी 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल' आलं. ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. तेव्हा मालिका बंद पडून सहा वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या.

त्या मॅन्युअलमध्ये शस्त्रांची मोजमापं आहेत, गणवेश बेतण्याचे तक्ते आहेत, आणि मालिकेतल्या ग्रहसंघाची चक्क घटनाही आहे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर बेतलेली. ब्लूप्रिंटमध्ये तर खालच्या एका डेकवर बोलिंग अ‍ॅलीसुद्धा काढलेली आहे. ती मनची नाही. एका भागात भान हरपलेला एक अधिकारी बोलिंग अ‍ॅलीत नाच होणार असल्याची घोषणा करतो. ते एक वाक्य जोसेफ यांनी पुरावा म्हणून घेतलं आणि २८९ मीटर लांबीच्या यानात त्यासाठी जागा शोधली. मी हा तक्ता पहिल्यांदा उलगडला तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो होतो. कुणीतरी ऐकलेला एकेक शब्द इतका मनावर घेतला होता!

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथे आहे. पडद्यावरचं यान हे लाकडी सेट, एक ११ फुटी मॉडेल आणि लेखकांच्या घाईत लिहिलेल्या संवादांचं मिश्रण होतं. ते मॉडेल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याच्या डाव्या बाजूला पुरते तपशीलच नाहीत, कारण दिव्यांच्या वायरी तिकडून आत जायच्या आणि कॅमेरा उजवीकडूनच बघायचा. मॅन्युअल काढणाऱ्याला ही सोय नाही. त्याला डावी बाजूही काढावी लागते, छेद घ्यावा लागतो, जिना कुठून कुठे जातो ते दाखवावं लागतं. तेव्हा प्रत्येक चांगलं मॅन्युअल म्हणजे एका माणसाने मांडलेला युक्तिवाद असतो. आम्ही जमवतो ते हे युक्तिवाद.

म्हणूनच एकाच यानाचे पाच-सहा वेगवेगळे नकाशे ठेवावेसे वाटतात. यानातून ये-जा करणाऱ्या 'गॅलिलिओ' या छोट्या शटलचं घ्या. पडद्यावर तिची लांबी २४ फूट सांगितली जाते, आणि आत माणसं ताठ उभी राहून फिरतात. बाहेरून दिसणाऱ्या सांगाड्यात ते आतलं दालन मावत नाही. मग एक जण शटल लांबवतो, दुसरा जमीन खाली घेतो, तिसरा आतलं दालनच लहान करतो. तिघांचे कागद शेजारी शेजारी पसरून बघा. कोण कशाशी प्रामाणिक राहिला आणि कोणी काय सोडून दिलं, ते स्पष्ट दिसतं. मुख्य इंजिनरूम यानाच्या वरच्या तबकडीत की खालच्या लांबट भागात, यावरही असंच रण माजलेलं आहे, पण त्यात इथे शिरत नाही.

हे कागद पुन्हा पडद्यावरही गेले. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात एका अंतराळ ठाण्यावर मागे रेडिओवरचं बोलणं ऐकू येतं. त्यातली 'कोलंबिया' आणि 'रिव्हियर' ही टेहळणी यानं जोसेफ यांच्या मॅन्युअलमधून आलेली आहेत. त्याच वर्षी आलेला 'स्टार फ्लीट बॅटल्स' हा पटावरचा खेळही त्यांच्याच यानांवर उभा राहिला. माणसंही त्याच वाटेने आत गेली. १९७७ चं वैद्यकीय मॅन्युअल करणाऱ्या चाहत्यांत डग ड्रेक्सलर आणि जेफ्री मँडेल होते, आणि पुढे दोघेही स्टार ट्रेकच्या मालिकांवर काम करू लागले. १९९१ मध्ये रिक स्टर्नबाख आणि मायकेल ओकुडा यांनी 'द नेक्स्ट जनरेशन' या नव्या मालिकेच्या यानाचं मॅन्युअल काढलं. मुळात लेखकांसाठी तयार केलेल्या अंतर्गत टिपणांतून ते वाढलं होतं. ते अधिकृत आहे आणि मला अतिशय प्रिय आहे, तरी त्यातली मायाही चाहत्याचीच. ओकुडांनी त्या यानाच्या मोठ्या छेदचित्रात एक बदक आणि एक उंदीरही काढून ठेवला आहे.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो मात्र घरगुती छपाईच्या प्रतींत. घासून उतरवलेली अक्षरं, त्यातलं एखादं तिरकं बसलेलं, स्टेपलच्या पिना, डायझो या जुन्या नकाशा-छपाईच्या निळ्या रेघा. छपाई थोडक्या प्रतींची आणि विक्री चाहत्यांच्या संमेलनातल्या टेबलावर, त्यामुळे ज्या उरल्या त्यांना जपावंच लागतं. डायझोची प्रत उजेडाने फिकी होते, तेव्हा ती भिंतीवर लावू नका. जुनी व्हिनाइलची पाकिटंही घातकच. काही वर्षांनी ती चिकट होतात आणि कागदाला धरतात. माझा एक संच असाच गेला, उलगडताना कडेच्या रेघा पाकिटालाच राहिल्या. तेव्हापासून कागद वेगळे, आम्लरहित फोल्डरमध्ये, आणि मूळ पाकीट शेजारी रिकामं ठेवतो. घड्या उलट दिशेने कधीच मोडत नाही.

तुम्हाला स्वतःला चाखून बघायचं असेल तर जोसेफ यांच्या मॅन्युअलपासून सुरुवात करा. त्याची १९८६ मध्ये पुन्हा छपाई झाली होती, पहिलीच आवृत्ती हवी असं नाही. पण त्याआधी तुमच्या त्या ओळखीच्या माणसाकडे परत जा आणि एवढंच विचारा: ब्रिज सरळ पुढे बघतो की ३६ अंश वळलेला आहे? तुमच्यासाठी ते कपाटातून कोणता तक्ता आधी काढतात, ते बघा. आणि हो, टेबल रिकामं करून ठेवा, ते कागद बरेच मोठे असतात.