वस्तीवरच्या घरासाठी .३२ रिव्हॉल्वर घ्यावं की वडिलांची बारा बोअर ठेवावी? आणि काडतुसं कोणती?

तुम्ही लिहिलंय की गावापासून दीड किलोमीटरवर उसात वस्ती आहे, घरात म्हातारे आईवडील, बायको आणि दोन लहान मुलं. वडिलांच्या नावावर जुनी दुनळी बारा बोअर, म्हणजे छऱ्याची बंदूक आहे. शेजारच्या दोन वस्त्यांवर चोऱ्या झाल्यापासून ती विकून .३२ रिव्हॉल्वर घ्यायचा विचार चाललाय.

बंदूक विकू नका. रिव्हॉल्वरचे पैसे दारं-खिडक्या, एक कुत्रं आणि दोन चांगल्या बॅटऱ्यांवर घाला. असं का म्हणतो ते सांगतो.

मी फौजेत सतरा वर्षं काढली आणि नंतर अकरा वर्षं एका बँकेच्या दारात स्वतःची दुनळी घेऊन उभा राहिलो. आमच्या खटाव-माणकडे हा ठरलेला रस्ता आहे: पेन्शन, परवाना, बंदूक, गार्डची नोकरी. आता मीही वस्तीवरच राहतो. म्हणजे तुमची भीती मला ऐकीव नाही.

आधी रिव्हॉल्वर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ हातात घेतलं की बरं वाटतं, हे खरं. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आलं तेव्हा त्याचीच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पण आखूड नळीच्या हत्याराने नेम लागायला हाताला सवय लागते. चाप जड असतो, ओढताना नळी खाली झुकते. दिवसा, शांत डोक्याने, दहा पावलांवरच्या कागदावर गोळ्या इकडेतिकडे जातात. रात्री दोनला, झोपेतून उठून, हात कापत असताना काय होईल याचा विचार करा. त्यातून .३२ ची गोळी तशी मवाळ. वर्षाला दोन-तीनशे गोळ्या रेंजवर झाडायची तयारी, पैसा आणि परवान्यावर तेवढा कोटा असेल तरच त्या वाटेला जा. नसेल तर तो कपाटात ठेवायचा दागिना आहे, आणि चोर दागिन्यांसाठीच येतो.

कोणी तीनशे पंधराची रायफल सुचवली तर हात जोडा. ती गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडच्या वस्तीपर्यंत जाते.

कायद्याचाही कल बारा बोअरकडेच आहे. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ वाचून बघा. वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी स्वसंरक्षण हे कारण त्यात थेट लिहिलंय. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूकही त्याच ओळीत आहे, कोकणात अजून दिसते ती त्यामुळेच. पिस्तूल-रिव्हॉल्वरला मात्र ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं, आणि शेजारी चोरी झाली एवढ्यावर कलेक्टर कचेरीतला साहेब मान हलवत नाही.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही: ती बंदूक आज तुमची नाही. परवाना वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा ती उचलून तुम्ही बाहेर पडलात तर चोराआधी तुमच्यावरच प्रश्न येतील. सुदैवाने २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे हत्यार पंचवीस वर्षं झाली, की तो हयातीतच ते वारसाला देऊ शकतो. वडिलांच्या संमतीने अर्ज करा. तुम्हाला नवा परवाना काढावा लागेल, पोलीस चौकशी होईल, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला (फॉर्म एस-१) लागेल. ते प्रशिक्षण उरकून टाकू नका, मन लावून करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झालाय.

आता बंदूक तपासा. दुनळी मुंगेरची असो, जम्मूची असो की विलायती, परीक्षा तीच. नळ्या दस्त्यापासून सोडवा, बोटावर टांगा आणि लाकडी काडीने हलकेच मारा. घंटेसारखा नाद घुमला तर दोन नळ्यांमधली पट्टी नीट डाखलेली आहे. थड असा आवाज आला तर कारागिराकडे. मग बंदूक जोडून मिटा आणि उजेडासमोर धरा. नळ्यांचा मागचा भाग आणि पोलादी ठोकळा यांच्यात फट दिसली, किंवा हलवल्यावर खुळखुळली, तर दुरुस्तीआधी एकही बार काढू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीच्या खालच्या सपाट भागावरचा शिक्का. जुन्या बंदुकांवर बहुतेक ६५ मिमी किंवा अडीच इंच असं असतं, आणि आजची बरीच काडतुसं ७० मिमीची असतात. यात भल्याभल्यांची गफलत होते. ७० मिमी हे काडतुसाचं उडाल्यानंतरचं, तोंड पूर्ण उलगडलेलं माप आहे. न उडालेलं काडतूस ६५ च्या नळीत अगदी छान बसतं, म्हणून माणूस म्हणतो चालतंय की. उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. पन्नास वर्षांच्या नळीला तो सोसेलच असं नाही. डब्यावरचं माप वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नका.

काडतुसांत आपल्याकडे नावं चालतात ती अशी: मोठ्या छऱ्यांची एलजी आणि एसजी, मधली बीबी, आणि पुढे एक, चार, सहा नंबर. आकडा वाढेल तसा छर्रा बारीक. एलजीत नऊ मिलिमीटरच्या आसपासचे सहा-एक छर्रे, एसजीत थोडे लहान नऊच्या आसपास. चार नंबरात पावणेदोनशे-दोनशे बारीक दाणे. शिशाचं वजन सगळ्यांत साधारण सारखंच, तीस ग्रॅमच्या आगेमागे. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथली ‘शक्तिमान’ काडतुसं आमच्या पिढीने सर्रास वापरली.

बँकेत असताना मी डोळे झाकून एलजी भरायचो, कारण सगळे भरायचे. मग एकदा जिल्ह्याच्या रेंजवर जुन्या दाराची सागवानी फळी घेऊन गेलो. रेंजवाले ओळखीचे, त्यांनी लावू दिली. पाच मीटरवरून एलजीचा बार काढला. छर्रे फळीतून आरपार, मागच्या प्लायवूडमधून आरपार, आणि मातीच्या बांधात रुतले. घरी आलो आणि आमच्या बैठकीच्या दाराकडे बघत बसलो. त्या दारापलीकडे नात झोपते.

चार नंबरचं काडतूस त्याच अंतरावरून कागदावर उडवलं तर तळहाताएवढंही पसरलं नाही. मधोमध एक फाटकं भोक आणि कडेला चार-दोन दाणे. ‘छऱ्याची बंदूक, नुसती त्या दिशेला धरली तरी लागते’ असं गावात ज्याला त्याला वाटतं, ते घराच्या आत साफ खोटं आहे. खोलीच्या अंतरावर छर्रे गोळीसारखे एकगठ्ठा जातात, नेम धरावाच लागतो. एवढ्या जवळून बारीक छर्राही भयंकर असतो, पण नऊ इंची विटांची भिंत ओलांडून पलीकडच्या खोलीत जात नाही. उलट अंगणात, पंधरा-वीस मीटरवर, जाड घोंगडं पांघरलेल्या माणसापुढे तो लवकर थकतो.

म्हणून माझी सध्याची रीत: उजव्या नळीसाठी बीबी, डाव्या नळीसाठी एसजी. दुनळीचा पुढचा चाप बहुधा उजवी नळी उडवतो आणि ती तोंडाशी मोकळी असते. डावी तोंडाशी आवळलेली, म्हणून लांबचा मार तिच्याकडे. घर पत्र्याचं किंवा कुडाचं असेल आणि आडभिंतीपलीकडे माणसं झोपत असतील, तर मी उजवीकडे चार नंबरच ठेवीन आणि एलजी घरात आणणारच नाही. माझ्या पलटणीतले काही मित्र यावर माझ्याशी भांडतात. त्यांची घरं दगडी आहेत.

पावसाळ्याचंही ध्यानात ठेवा. कागदी नळकांडीची जुनी काडतुसं ओल धरून फुगतात, नळीत अर्धी जाऊन अडकतात. वडिलांच्या ट्रंकेत तसली असतील तर ती हौसेने उडवून बघू नका, परवानाधारक दुकानदाराला विचारून त्यांची वासलात लावा. प्लॅस्टिकची घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर खरेदीचं वर्ष लिहा. चाप ओढला आणि नुसतं ‘टक’ झालं तर लगेच बंदूक मोडायची, म्हणजे उघडायची नाही. नळी मोकळ्या दिशेला धरून मिनिटभर थांबा, दारू कधीकधी उशिरा पेटते.

नळी लांब आहे, दारात अडकते, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरंच आहे. गावातला एखादा लोहार कापून आखूड करून देतोही म्हणेल. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा कलम ६ खाली गुन्हा आहे, आणि मग परवाना विसरा. लांब नळीवर उपाय म्हणजे बंदूक घेऊन घरभर फिरायचंच नाही.

ते का, हे मला एका रात्रीने शिकवलं. फेब्रुवारीचे दिवस, गव्हाचं पाणी, थ्री फेज लाईट रात्री बाराला यायची. दीडच्या सुमाराला कुत्रं पिसाळल्यासारखं भुंकायला लागलं. शेरडांच्या गोठ्याशी माणूस उभा, खांद्यावर लांब काहीतरी. मी दोन्ही नळ्या भरून दार उघडलं. बोट चापावर होतं, खोटं कशाला बोलू. आणि बॅटरी? ती आत खुंटीला. मी ओरडलो, तो काही बोलला, मोटारीच्या आवाजात ऐकू आलं नाही. तेवढ्यात बायकोने मागून बॅटरी मारली. माझ्या चुलतभावाचा पोरगा. खांद्यावर खोरं. स्टार्टरचा फ्यूज उडाला म्हणून मागायला आलेला. त्याने चहा घेतला आणि गेला, त्याला काही कळलंही नाही. मी पहाटेपर्यंत ओट्यावर बसून होतो.

आपल्याकडे रात्री शेतात फिरणारा माणूस शंभरातल्या नव्याण्णव वेळा पाणी धरणाराच असतो. म्हणून आधी उजेड, मग आवाज, बंदूक त्यानंतर. अंगणात तिन्ही बाजूंनी दिवे लावा, बटण आत झोपायच्या खोलीत. खटका वाजला तर सगळ्यांना एका खोलीत घ्या, कडी लावा, ११२ ला फोन करा. तुमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर तिच्यावर करा. एका फोनवर अख्ख्या गावाचे मोबाईल वाजतात आणि वस्तीवर वीस माणसं पोलिसांच्या आधी येतात. बंदूक त्या एका खोलीच्या दारासाठी. कोणी ते दार फोडून आत आलंच, तर कोणावर उडवतोय याची शंका उरत नाही.

कायदा तुम्हाला किती मुभा देतो हेही वाचून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ४१ प्रमाणे दरोडा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, घराला आग लावणं अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठीही जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच नाही. मोटारीची केबल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत बार काढलात तर कोर्टात उभे तुम्ही राहाल. न्याय्य कारणाने उडवली तरी पंचनामा होणार, बंदूक मुद्देमाल म्हणून जाणार, आणि ती कधी परत येईल ते विचारू नका.

ठेवायची कशी? बंदूक रिकामी, भिंतीत पक्क्या बसवलेल्या कुलपाच्या कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात, पण त्याच खोलीत. किल्ल्या तुमच्या गळ्यात किंवा उशाखाली, देवघरात नाही. देवघरातली किल्ली पोरांना पहिल्या आठवड्यात सापडते. दारावर किंवा कुडाला टांगलेली भरलेली बंदूक वडिलांच्या काळात चालली, दोन लहान मुलांच्या घरात चालणार नाही. महिन्यातून एकदा अंधारात कुलूप काढायचा सराव करा, काडतुसांशिवाय. मला पहिल्यांदा तीन मिनिटं लागली होती, आता तीस-पस्तीस सेकंद.

आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस बऱ्याचदा येते. आमच्याकडे ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा धरून एका वर्षात दोनदा माझी दुनळी पोलीस ठाण्याच्या खोलीत होती. त्या दिवसांत घराला राखण होती ती दाराच्या आडण्याची आणि कुत्र्याची.