आई-बाबांना घेऊन एका दिवसात नाशिक होईल का?

तुमची यादी अशी आहे: त्र्यंबक, रामकुंड, काळाराम, मिसळ, संध्याकाळी द्राक्षमळा. एका दिवसात बसेल का आणि गाडी कुठे लावायची?

बसेल. आमच्या साडूंनी बसवलं होतं. ठाण्याहून पहाटे निघाले, त्र्यंबकला साडेचार तास रांगेत, मग गावाबाहेर झोपाळे टांगलेल्या एका मळ्यात मिसळ. रामकुंडावर उतरून पायावर पाणी घेतलं न घेतलं आणि आमच्या घरी चहाला हजर. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "नाशकात तसं बघण्यासारखं काही नाही हो. नदीपण बारकीच आहे."

मी जुन्या नाशकातला, आजोबांचं भांडी बाजारात दुकान होतं. बायको डोळ्यांनी खुणावत होती, तरी मी त्यांना तसाच उठवून गंगेवर नेला. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) दुतोंड्या मारुतीसमोर उभं केलं. पात्रातच आहे तो. पावसाळ्यात पाणी किती चढलं असं इथे कुणी विचारत नाही, "मारुती कुठवर?" एवढंच विचारतात. कमरेला लागलं की बाजारातला माल माळ्यावर. 2008 च्या सप्टेंबरात आम्ही घरचे सगळे तांब्याचे हंडे हातोहात वर चढवत होतो आणि पितळी समयांचं एक खोकं खालीच राहिलं. काका अजून त्या समयांचं सुतक पाळतात. ही बारकी नदी!

समोरच नारोशंकराचं देऊळ. वरची ती घंटा 1739 च्या वसईच्या मोहिमेतली. मग कपालेश्वर, म्हणजे महादेवापुढे नंदी नसलेलं देऊळ. साडू गप्प होते. काळारामाच्या दारात मात्र म्हणाले, "दगड काळा, एवढंच ना?" तिथे माझा आवाज चढला. 2 मार्च 1930 ला याच देवळात प्रवेशासाठी बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, त्या लढ्यातले त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड इथलेच. पाचेक वर्षं लढा चालला आणि तरी दार उघडलं नाही. साडू म्हणाले, "हे आधी सांगायचंत ना." अहो, तुम्ही थांबलात कुठे!

तर माझं मत: त्र्यंबक यादीतून काढा, त्याला वेगळा दिवस द्या. मळ्यातली मिसळही काढा. झोपाळ्याने रस्सा चांगला होत नाही. गावातल्या जुन्या दुकानात काळ्या मसाल्याची खा, सोबत पापड आणि दही घ्या, सकाळी दहाच्या आत. नंतर जिलबी. परत जाताना चिवडा घ्याच, पण कोणाचा ते मी सांगणार नाही, त्यावरून आमच्या घरातच दोन तट आहेत. द्राक्षमळ्याबद्दल मी बोलत नाही. साडूंचा तिथला फोटो दिवाणखान्यात लावलाय, काळारामाचा एकही नाही.

दुपारी उजेड असेल तर पांडवलेणी. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, बौद्ध लेणी आहेत, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा लेख बघा. सातवाहनांचा इतिहास त्या भिंतीवर आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली फाळके स्मारकात बसवा. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. रंगपंचमीला येत असाल तर हे सगळं सोडा आणि पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद बघा. त्या दिवशी म्हाताऱ्यांना मात्र घरीच ठेवा, रहाडीत उडी मारणारे कुणाचं वय बघत नाहीत.

गाडीचं म्हणाल तर पंचवटीत आणूच नका. अलीकडे कुठेतरी लावा आणि रिक्षा करा. सिंहस्थ 2027 मध्ये आहे, त्या काळात येणार असाल तर वरचं सगळं रद्द समजा.

आणि साडूभाऊ, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे.