हरवलेल्या मूकपटांचं वेड

प्रश्न: माझे काका मूकपटांची पोस्टरं, पुस्तिका, फोटो जमवतात, त्यातले बरेच पिक्चर तर आता शिल्लकच नाहीत, मग एवढा जीव कशाला लावायचा?

उत्तर: अहो, शिल्लक नाहीत म्हणूनच तर! आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले आणि आज तीससुद्धा धड सापडत नाहीत. तेव्हा पिक्चर ज्या नायट्रेटच्या फिल्मवर काढत ती पटकन पेट घ्यायची, दमट हवेत सडायची, आणि बोलपट आल्यावर कित्येक रिळं त्यातल्या चांदीसाठी चक्क वितळवली गेली. बाबूराव पेंटरांचा १९२० चा 'सैरंध्री' घ्या, कोल्हापुरात बनला, लोकमान्यांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, पण तो पिक्चर आज बघायला मिळत नाही. मग एखादा फोटो हाती लागला की तेवढीच एक फ्रेम परत आल्यासारखं वाटतं, बाकीचा पिक्चर आपण मनातच चालवायचा. आणि आशा असतेच हो, १९१९ चा 'बिल्वमंगल' इतक्या वर्षांनी फ्रान्समधून पुण्याच्या फिल्म संग्रहालयात आलाच की, अपुरा का होईना. काकांना सांगा, पुस्तिका लॅमिनेट करू नका, कोरड्या जागी ठेवा, आणि स्कॅन करून एक कॉपी त्या संग्रहालयाला नक्की द्या.