नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन: राजीनामा द्या, पण दहा महिन्यांनी

प्रश्न: वय ३६, राहणार नाशिक. खासगी कंपनीत ९ वर्षे २ महिने झाली. हातात ६८,००० पगार येतो, त्यात बेसिक ३४,०००. पत्नी शिक्षिका, तिचा पगार ३८,०००. घरखर्च ५२,००० आणि गृहकर्जाचा हप्ता २४,०००. एफडी ९ लाखांची. दिवाळी अंकांत काही कथा छापून आल्या आहेत. एका ऑडिओ मालिकेसाठी एकरकमी ६०,००० मिळणार आहेत. दीड लाख भरले तर कादंबरी छापून द्यायला एकजण तयार आहे. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन दोन वर्षं फक्त लिहावं का?

उत्तर: लिहा, जरूर लिहा. पण राजीनामा दहा महिन्यांनी द्या, आणि ते दीड लाख कुणालाही देऊ नका.

तुमचा पगार थांबला की दरमहा ३८,००० कमी पडणार. एफडीतले ३ लाख अडीअडचणीसाठी बाजूला काढा. चार महिन्यांचा खर्च आहे तो, त्याला हात लावायचा नाही. उरले ६ लाख. आज नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) साधारण पावणेदोन लाख येतील. वर्षाला ३० हजार आरोग्य विम्याचा हप्ता धरला, तर हे पैसे जेमतेम १९ महिने पुरतात. महागाई आणि एफडीचं व्याज मी एकमेकांत वळते करून घेतलंय. तुमची दोन वर्षं यात बसत नाहीत.

दहा महिने थांबलात तर? सध्या महिन्याला ३० हजार शिल्लक पडतात, त्यांचे ३ लाख होतील. ग्रॅच्युइटी १ लाख ९६ हजारांवर जाईल. मग सव्वादोन वर्षं निर्धास्त लिहिता येईल. शिवाय पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत तुम्ही असाल, तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं पूर्ण होतील. या योजनेत पगार जास्तीत जास्त १५,००० च धरतात, त्या हिशेबाने ५८ व्या वर्षापासून महिना २,१४० च्या आसपास पेन्शन बसते. रक्कम लहान आहे, पण ज्याच्यामागे पुढे कुठलीच कंपनी नसेल त्याने ती सोडू नये. पीएफ मात्र काढू नका. नोकरी सुटल्यावरही त्यावर व्याज मिळत राहतं. फक्त त्यानंतरचं व्याज करपात्र असतं.

आता ते दीड लाख. तुमच्या हिशेबात ते लिहिण्याचे चार महिने आहेत. कादंबरीची किंमत ३५० आणि रॉयल्टी दहा टक्के धरा: एका प्रतीमागे ३५ रुपये. हजार प्रती खपल्या तरी ३५,०००, म्हणजे एका महिन्याची तूटही भरून निघत नाही. मराठीत नव्या लेखकाच्या हजार प्रती खपायला वर्षं लागतात. म्हणून कादंबरीच्या कमाईवर घर चालवायचं गणित मांडूच नका. तिच्यासाठी वेळ राखून ठेवायचा. जो प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, त्याच्याकडे हस्तलिखित घेऊन जा. तो सहा महिने वाट पाहायला लावेल, तरी चालेल.

घर चालेल ते मागणीनुसार केलेल्या लेखनावर: ऑडिओ, अनुवाद, जाहिरातीचा मजकूर. मालिकेच्या संवादांचे पैसे बरे असतात, पण रोजचा एपिसोड द्यायचा म्हटलं की कादंबरीसाठी डोकं शिल्लक राहत नाही. तुमच्या जागी मी तिकडे वळलो नसतो. या दहा महिन्यांत नोकरी सांभाळून महिना सरासरी १५ हजार अशा कामांतून येतात का, ते बघा. आले, तर तूट २३ हजारांवर येईल आणि तेच पैसे साडेतीन वर्षं पुरतील. तुमच्या निर्णयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे. पाच हजारही जमले नाहीत, तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकला. लिहिणं थांबवायची गरज नाही. आणि बिल दिल्यावर पैसे हाती यायला दोन-तीन महिने लागतात, हे धरून चाला.

ऑडिओचं काम घ्या. ६०,००० पैकी दहा टक्के टीडीएस कापून ५४,००० येतील, उरलेल्या कराचा हिशेब रिटर्न भरताना होईल. सही करण्याआधी हक्कांचं कलम मात्र शब्दन्शब्द वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर पाच वर्षांचं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. पण ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, जगभर’ असं लिहिलेलं असेल, तर उद्या त्याच कथेचं पुस्तक किंवा सिनेमा झाला तरी तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. फक्त ऑडिओचे हक्क, ठरावीक वर्षांसाठी, एवढंच द्या. त्यासाठी मोबदला थोडा कमी झाला तरी चालेल.

नोकरीत असतानाच दोन गोष्टी उरका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी या महिन्यातच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तो काळ आत्तापासून मोजला जाऊ दे. आणि गृहकर्ज फिटून वर घराला पुरेल एवढा टर्म इन्शुरन्स काढा. सॅलरी स्लिप दाखवता येते तोवर तो सहज मिळतो. लेखनाच्या अनियमित उत्पन्नावर तेवढंच कव्हर मिळवणं फार अवघड जातं.