पणजोबा मुंबई पोलिसांत होते. त्यांची 1908-32 च्या काळातली नोंद कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा रत्नागिरीकडून मुंबईला आले, साधारण 1908 ते 1932 शहर पोलिसांत होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात गणवेशातला एक फोटो सोडला तर काही नाही, आणि चौकशी केल्यावर ‘एवढं जुनं रेकॉर्ड आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळालं.

ते उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं, पण बहुतेक वेळा खरं असतं. शिपायाचं सेवापत्रक, हजेरीपट, ठाण्याची स्टेशन डायरी, बदल्यांचे हुकूम हे सगळं ठाण्यात नाहीतर कार्यालयातच राहायचं. सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गाचा 30 वर्षं, ‘क’ मधला 10 किंवा 5 वर्षं आणि ‘ड’ वर्गाचा एकच वर्ष. मुदत संपली की यादी करून तो नष्ट होतो. टिकला तो क्रॉफर्ड मार्केटच्या मुख्यालयातून वर सचिवालयात गेलेला कागद. म्हणून माझं मत असं की शोध पोलिसांच्या बाजूने नव्हे, सरकारच्या बाजूने सुरू करावा.

सरकारची बाजू म्हणजे फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे ‘पोलीस’ नावाचं वेगळं कपाट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला पोलिसांचा कारभार ज्युडिशियल डिपार्टमेंटकडे होता, त्यामुळे 1920 च्या आसपासपर्यंतचे कागद त्या खात्याच्या बांधीव खंडांत आहेत. पुढचे होम डिपार्टमेंटच्या फाइलींत आहेत, आणि संप, दंगली, सत्याग्रह असलं राजकीय प्रकरण असेल तर ‘होम स्पेशल’मध्ये. तुमच्या पणजोबांची नोकरी नेमकी या सांध्यावर येते, म्हणजे दोन्हीकडे बघावं लागणार.

ज्युडिशियल डिपार्टमेंटचा संदर्भ तीन गोष्टींनी बनतो: वर्ष, खंड क्रमांक आणि कंपिलेशन क्रमांक. एका खंडात अनेक कंपिलेशन्स असतात, एकेक विषयाचं एकेक. आधी त्या वर्षाची सूची मागवा आणि तिच्यात ‘पोलीस, बॉम्बे सिटी’ किंवा ‘पोलीस, टाउन अँड आयलंड’ या मथळ्याखाली बघा. त्याखाली पेन्शन, ग्रॅच्युइटी, बक्षिसं, संख्याबळ, पगारवाढ, घरं असे पोटविषय सापडतात. शिपायाचं नाव येण्याची शक्यता पेन्शन, बक्षीस आणि अपील या तिघांत जास्त. अपील म्हणजे बडतर्फीविरुद्ध सरकारकडे केलेला अर्ज. हा प्रकार बराच भरभरून मिळतो, कारण अशा अर्जासोबत आयुक्तांचा अहवाल आणि अर्जदाराच्या नोकरीचा सारांश दोन्ही यायचं. थोडक्यात, ज्याची नोकरी विनातक्रार पार पडली त्याच्यापेक्षा ज्याच्यावर कारवाई झाली त्याचा माग लवकर लागतो.

जाताना ओळखपत्र, फोटो आणि कशासाठी काय बघायचंय याचा अर्ज न्या. शिफारसपत्र लागतं का, नकलांचा दर काय आणि खंड तिथेच आहेत की हलवलेत, हे आधी फोन करून विचारा. वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. एका वेळी मोजकेच खंड मिळतात. मागणी चिठ्ठी ‘नाजूक’ असा शेरा घेऊन परत आली तर कागद चुरा होण्याच्या अवस्थेत आहे असं समजा. त्यावर वाद घालून फायदा नाही. तोच पत्रव्यवहार लंडनच्या प्रतीत आहे का ते बघा, त्याबद्दल खाली लिहितो.

सगळ्यात मोठी अडचण नावाची. त्या काळच्या इंग्रजी कागदांत मराठी शिपायाचं आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘सखाराम अर्जुन’, ‘गणू बाबाजी’ असं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि पुढे नंबर. म्हणून पणजोबांच्या वडिलांचं नाव ठाऊक नसेल तर शोध सुरूच करू नका. आधी गावाकडून ते मिळवा: वंशावळ, जुना सातबारा, फेरफार, देवस्थानचे कागद, काहीही. आडनाव लिहिलेलं असलंच तर स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. जाधवचं ‘जाडो’, कदमचं ‘कड्डम’, शिंदेचं ‘सिंडे’ असं काहीही दिसेल. सूची आद्याक्षराने असेल तर एकाच नावासाठी तीन-चार अक्षरं चाळावी लागतात.

फोटोकडे परत जा. फ्रेममधून काढून 1200 डीपीआयवर स्कॅन करा आणि कमरेच्या पट्ट्यावरचा बिल्ला मोठा करून बघा. त्यावरचा बक्कल नंबर, म्हणजे शिपायाचा ओळख क्रमांक, वाचता आला तर निम्मं काम झालं, कारण एकाच नावाचे दोघंतिघं सहज असत आणि त्यांना वेगळं करणारी गोष्ट नंबरच. मात्र बदलीनंतर किंवा बढतीनंतर नंबर बदलू शकतो, तेव्हा तो ठरावीक वर्षांपुरताच धरा. बाहीवरच्या फितींवरून हुद्दा कळतो, नाईक की हवालदार. छातीवर पदक असेल तर त्याचा काठ तपासा. किंग्ज पोलीस मेडल 1909 पासून दिलं जाऊ लागलं आणि अशा पदकाच्या काठावर नाव कोरलेलं असतं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही लिहून ठेवा, तारीख ठरवायला उपयोगी पडतो.

शहर पोलिसांचे वार्षिक अहवाल घरबसल्या मिळतात. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने जुने सरकारी अहवाल स्कॅन करून ठेवलेत, इंटरनेट आर्काइव्हवरही काही वर्षांचे आहेत, आणि टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत छापील प्रती बघता येतात. अहवालाची रचना ठरलेली: पुढे आयुक्तांचं निवेदन, मागे तक्ते, आणि शेवटी किंवा सुरुवातीला सरकारचा ठराव. लोक निवेदन वाचतात आणि तक्ते सोडून देतात. मी उलट सांगेन. मनुष्यबळाचे तक्ते बघा: किती भरती झाले, किती सोडून गेले, किती बडतर्फ, किती मेले, किती साक्षर, कुठल्या जातिधर्माचे. पणजोबांचं नाव त्यात नसेल, पण त्यांच्या वर्षीच्या शिपायाचं आयुष्य कसं होतं ते त्या आकड्यांतून कळतं. गुन्ह्यांचे आकडे वाचताना सावध राहा. वर्गीकरण बदललं की आकडा उडी मारतो, आणि त्या आकड्यावर शाबासकी अवलंबून असलेला अधिकारीच तो मांडत होता.

हीच सावधगिरी एस. एम. एडवर्ड्स यांनी 1923 मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या मुंबई शहर पोलिसांच्या इतिहासाबाबत. 1672 पासून 1916 पर्यंतचा आराखडा त्यात नीट मिळतो: भंडाऱ्यांची पथकं, 1779 मध्ये ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ नेमलेला आणि 1790 मध्ये लाचखोरीवरून गेलेला जेम्स टॉड, 1864 मधले पहिले आयुक्त फ्रँक सूटर. पण लेखक स्वतः 1909 ते 1916 आयुक्त होते. 1911 च्या मोहरमच्या गोळीबारासारखी त्यांच्याच काळातली प्रकरणं त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मूळ फाइल आणि त्या वेळची वर्तमानपत्रंही बघावीत.

आता माहितीचा अधिकार. आयुक्तालयात तोंडी विचारू नका, नमुना ‘अ’मध्ये लेखी अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. ‘माझ्या पणजोबांची माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर ‘उपलब्ध नाही’ हे एका ओळीचं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी असं लिहा: ‘1905 ते 1935 या काळात भरती झालेल्या अथवा निवृत्त झालेल्या शिपाई ते सुभेदार या दर्जाच्या कर्मचाऱ्यांच्या सेवा अभिलेखांची सध्या उपलब्ध असलेली सूची मिळावी. सदर अभिलेख नष्ट केले असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतील संबंधित पानांची आणि त्या आदेशाची प्रत मिळावी. पुराभिलेखागारास हस्तांतरित केले असल्यास हस्तांतरण यादीची प्रत मिळावी.’ यातलं काहीतरी एक असायलाच हवं. कागद आहे, नष्ट केला, किंवा दुसरीकडे दिला, चौथी शक्यता नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. 20 वर्षांपेक्षा जुन्या घटनेच्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, कलम 8(3) अर्जातच नमूद करा.

हद्दीचा घोटाळाही बघून घ्या. त्या काळचं शहर म्हणजे माहीम-शीवपर्यंतचं बेट. वांद्रे, अंधेरी, कुर्ला 1920 पर्यंत ठाणे जिल्ह्यात आणि नंतर मुंबई उपनगर जिल्ह्यात होते, त्यामुळे तिथला शिपाई शहर पोलिसांच्या कागदात सापडणार नाही. रेल्वे पोलीस वेगळे. ‘मुंबई पोलिसांत’ असं घरचे म्हणत असले तरी इलाख्याच्या एखाद्या जिल्ह्याचं दलही त्यात बसू शकतं, कारण इलाख्याचं नावही मुंबईच. पुण्याबद्दल कुणी शोधत असेल तर तिथलं आयुक्तालय 1965 चं, त्याआधीचं सगळं जिल्हा पोलिसांकडे.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. ‘व्ही/24’ मालिकेत खात्यांचे वार्षिक अहवाल, ‘पी’ मालिकेत मुंबई सरकारची ज्युडिशियल प्रोसीडिंग्ज. मुंबईत खंड नाजूक म्हणून मिळाला नाही तर सरकारपर्यंत गेलेल्या पत्राची छापील प्रत इथे असू शकते. पण गोऱ्या सार्जंटसाठी जितकं मिळतं (बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ‘एन’ मालिकेत आहेत) तितकं हवालदारासाठी मिळत नाही. केवळ पणजोबांसाठी तिथे पैसे देऊन संशोधक नेमू नका.

एखाद्या गाजलेल्या प्रकरणात पणजोबांचा सहभाग होता असं घरात सांगत असतील तर मात्र मार्ग बदलतो. गुन्ह्याचे कागद नेहमी गुन्ह्याच्या नावाखाली नसतात. जानेवारी 1925 मधला मलबार हिलवरचा बावला खून, म्हणजे अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून घ्या. त्याचा धागा इंदूर संस्थानापर्यंत गेला, म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तो परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फाइलींत शोधावा लागतो. अभिलेख पटल या त्यांच्या पोर्टलवर नोंदणी मोफत आहे, शोध इंग्रजीतून चांगला चालतो. खटल्याचे कागद हवे असतील तर लक्षात ठेवा की 1948 मध्ये शहराचं सत्र न्यायालय होईपर्यंत गंभीर खटले हायकोर्टाच्या सेशन्समध्येच चालत.